पायपुसणं उचला!

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये विमलताई परब ज्यांच्याकडे जात, त्यांचं पायपुसणं आधी गॅलरीतून खाली जाई आणि मग ताई घरात येत. घरवाले आ वासून बघत राहिले की ओरडत, "बघतोस काय मेल्या? माणसं मारायला घातलंयस हे दारात?"

एकदा सत्यनारायणाला आल्या आणि भटजींच्या पायाखालची चटईच गुंडाळली.

"बाई, मी बसू कशावर?"

"पाटावर बसा. आणि उठलात की तोही उचला."

मरोळच्या एका कारखान्यात त्या पॅकिंगवर सुपरवायझर होत्या. मशीनच्या खडखडाटावर चढवलेला तो आवाज त्यांनी रिटायर होताना घरी आणला. नवरा लवकर गेलेला, मुलगा लग्नानंतर बोरिवलीला. समोरचं दार माझं, त्यामुळे त्या आवाजाचा पहिला मान माझा.

पायपुसण्यांशी त्यांचं आधी काही वैर नव्हतं. ताईंना जुना दमा. छातीचे डॉक्टर त्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडची गोळी देत होते. एका सकाळी मोरीच्या दारातल्या पायपुसण्यावरून पाय सरकला, ताईंनी नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाडं पार विरळ झालीत. त्या गोळीची करणी. बंद करा ती."

ताईंनी त्याच दिवशी बंद केली. थोड्याच दिवसांत उलट्या, चक्कर, आणि दम असा की तोंडातून शब्द फुटेना. मी आणि वॉचमननं त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर खेकसले, "कुणाला विचारून बंद केलीत? शरीराला सवय झालेली गोळी अशी एकदम तोडतात? जीव गेला असता!"

ताई गप्प राहिल्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता म्हणून.

घरी आल्यावर मात्र भडका उडाला. "एक म्हणतो घे, दुसरा म्हणतो सोड. दोघांचे दवाखाने मुलुंडला एकाच रस्त्यावर, आणि एकमेकांशी बोलायला यांची जीभ झिजते? चल रे माझ्याबरोबर!"

मी नको नको म्हणत गेलो. हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ताई प्लॅस्टरचा हात आपटणार होत्या, तो मी वरच्यावर धरला. राग फार चढला की त्या मालवणीत शिरत. "हाडां माजी, दमो माजो, आणि झगडो तुमचो? लावा त्यांका फोन!"

"बाई, बाहेर पेशंट थांबलेत."

"मग मी कोण? लावा!"

डॉक्टरांनी फोन फिरवला. एंगेज. "परत फिरवा," ताई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. शेवटी लागला. दोघं इंग्रजीत सुरू झाले, तशी ताईंनी टेबल वाजवलं. "मराठीत बोला. माझ्याबद्दल चाललंय!"

निघालं ते साधंच होतं. गोळी एकदम तोडायची नाही. छातीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू उतरवायची, दमा आवरेल इतकीच ठेवायची, जोडीला तोंडानं ओढायचा पंप. हाडांसाठी कॅल्शियम आणि उन्हात चालणं. ताई रात्री घेत ती चक्कर आणणारी झोपेची गोळी बंद. आणि काही झालं तरी पडायचं नाही.

हे शेवटचं वाक्य ताईंनी अख्ख्या बिल्डिंगवर लादलं. जिन्यातला दिवा गेला, तर सेक्रेटरीच्या दारात उभं राहून त्यांनी त्याच्या बापापर्यंत उद्धार केला. दिवा लागला. पण माझ्या बायकोचं नवं कोरं पायपुसणं गटारात गेलं, तेव्हा मीही तोंड सोडलं. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन समेटाला गेलो, तर मुलगा, सून आणि चार वर्षांची नात नुकतीच आली होती. पोरगी "आज्जी!" करत हात पसरून धावली.

"थांब तिथंच!" ताई गरजल्या. "उचलून घ्यायचं नाही कुणाला! लांब राहा!"

पोरगी जागच्या जागी थिजली. सून तोंड फिरवून आत गेली. मला इतका संताप आला की ताट आपटूनच ठेवलं. "ताई, लेकराच्या अंगावर काय धावता?"

"हाडं विरळ, त्यात आता मणकाही चेपलाय माझा," ताई माझ्यावरच ओरडल्या. "वजन उचलायचं नाही म्हणून बजावलंय. हिला उचलली आणि पडले, तर दोघी जाऊ!"

मुलगा म्हणाला, "आई, मला कळवायचंस तरी. इतकं सगळं झालं!"

"कळवून काय? रोज बोरिवलीहून येणार होतास?"

मग ताईंनी नातीकडे वळून पलंगाकडे बोट दाखवलं. "ए भवाने, चढ वर. उभी राहा. उड्या मारायच्या नाहीत."

पोरगी भीत भीत चढली. आता तिचं तोंड आजीच्या तोंडासमोर आलं. ताई भिंतीला हात लावून सावकाश तिच्याजवळ गेल्या आणि आपला गाल तिच्या गालाला टेकवला. पोरीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"आज्जी, दुखतं?"

"दुखू दे," ताई म्हणाल्या. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तू सोडू नको."