खांबेटे काका आणि चिलटांची आवडनिवड

नवीन माणसाशी ओळख झाली की खांबेटे काका आधी त्याच्या पोटऱ्या बघतात. टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते मला पहिल्यांदा भेटले, तेव्हा मी शॉर्ट्स घालून खुर्च्या मांडत होतो. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि निकाल दिला, "तुला सोडणार नाहीत. देह मोठा, श्वास भरपूर. आसपास गाय नसली तर तूच!"

"कोण सोडणार नाहीत, काका?"

"चिलटं."

काका मूळचे नागपूरचे, गुरांचे डॉक्टर. शिकायला इकडे आले आणि जन्म एकाच प्रश्नात घालवला: चिलट कोणाला चावतं? गाईला, मेंढीला, हरणाला, की माणसाला? चिलट पकडायचं, त्याचं पोट फोडायचं आणि आतलं रक्त कोणाचं ते शोधायचं. "चावते फक्त मादी," ते भर पंगतीत सांगायचे. "अंड्यांसाठी रक्त लागतं. पण मिळेल ते पीत नाही हो. तिलाही आवडनिवड असते!" समोरचा श्रीखंडाची वाटी उचलून हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकायचा.

काका निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने त्यांची लॅबच बंद केली. सिअ‍ॅटलचा मुलगा फोनवर म्हणतो, "डॅड, नॉट द बग्ज अगेन." आमच्या मंडळाने एकदा त्यांचं भाषण ठेवलं होतं. आदल्या दिवशी ते कॅन्सल करून झुंबा ठेवला. काका तरीही आले आणि शेवटच्या रांगेत बसून नाचणाऱ्यांच्या पोटऱ्या बघत राहिले.

त्याच सुमारास मंडळाचे अध्यक्ष प्रमोदराव यांनी गावाबाहेर रँच घेतला. थोड्या गाई, थोड्या मेंढ्या आणि खूप फोटो. आम्हा सगळ्यांना भरीत-भाकरीला बोलावलं. काका जेवायचं सोडून तळ्याकाठी फिरले आणि चिखलाने भरलेले बूट घेऊन परत आले.

"प्रमोद, तळ्याकाठचा शेणाचा चिखल आधी काढ. चिलटं तिथेच वाढतात. आणि मेंढ्या सूर्य मावळायच्या आत शेडमध्ये घे."

"काका, गाई बघा की! एकदम फिट आहेत."

"गाई फिटच दिसणार. चिलटांना गाय सगळ्यात आवडते. रोग गाईच्या रक्तात असला तरी गाय कुरकुरत नाही. तिथून चिलट उठतं आणि मेंढीला चावतं. मरते ती मेंढी."

"काका, यार, आज तरी मरणाचं बोलू नका," प्रमोदराव म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

पावसाळी उन्हाळा गेला आणि मेंढ्यांची तोंडं सुजली. लाळ गळायला लागली, पाय धरले, जिभा निळ्या पडल्या. एकेक करून बहुतेक मेंढ्या मेल्या. गाई शेजारी उभ्या राहून चरत होत्या.

मंडळात याची चर्चा झाली. काकांचं बरोबर होतं, असं कोणी म्हणालं नाही. "त्या माणसाची जीभच काळी," एवढं ठरलं. पुढच्या गणपतीचं आमंत्रण त्यांना गेलं नाही. चुकणाऱ्या माणसाला लोक सांभाळून घेतात. खरं ठरलेल्याला कोण जेवायला बोलावतो?

आरती झाल्यावर मी मोदक घेऊन काकांच्या घरी गेलो. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ड्रायव्हिंग बंद. ते बूट घालून दारातच उभे होते. मोदकाकडे न बघता म्हणाले, "गाडी आणलीस ना? जरा मालतीकडे सोड."

मालतीकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या दूरच्या केअर होममध्ये आहेत, एवढंच मला ऐकून माहीत होतं. विस्मरणाचा आजार.

काकू बागेत बाकावर बसल्या होत्या. ऊन उतरलं होतं. काका शेजारी बसले, तरी काकूंच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही.

"नमस्कार," काका म्हणाले. "मी खांबेटे."

"बसा ना. आपण काय करता?"

आणि काकांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. चिलट, गाय, मेंढी, हरीण. काकू हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या, मध्येच प्रश्न विचारत होत्या. काकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हे असलं तुमच्या मिसेसना आवडतं?" काकूंनी विचारलं.

"छे! किळस यायची तिला. पण नवीन लग्न होतं, हाताखाली माणूस नव्हता. मी गोठ्यात सापळे लावायचो आणि ती टॉर्च धरून उभी राहायची."

"तिला नाही चावायची चिलटं?"

"फोडून काढायची. हातापायावर नुसत्या गांधी."

"मग?"

"मग काय. उभी राहायची."

काकूंनी जरा विचार केला. "वेडीच असणार."

"हो," काका म्हणाले. "होती थोडी."

मग त्यांनी काकूंचा हात मांडीवर घेतला, वर गेलेली बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावायला लागले. ऑपरेशनच्या डोळ्याला काज दिसत नव्हतं. काकू हात तसाच धरून बसल्या होत्या.