फ्रिजमधली हवा

मापसाहेबांनी फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं डावीकडे सरकवलं, कालची भाजी उजवीकडे सरकवली आणि मधल्या जागेत हवा मोजायचं यंत्र ठेवलं. मग दार लावून हातात घड्याळ घेऊन ते समोरच्या स्टुलावर बसले. चोरी करणाऱ्या माणसाला वाटावं तसं त्यांना वाटत होतं, आणि वाटायलाच हवं होतं. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून खोटं माप तयार करत होता.

नोकरीत त्यांनी काय काय पकडलं नव्हतं! पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पोकळ वजनं, तळाला मेण थापलेलं लिटरचं माप. दुकानात पाऊल टाकताच ते एकच वाक्य गरजत, "काट्याला हात लावायचा नाही!" की दुकानदार जागच्या जागी थिजायचा. 'मापसाहेब' हे नाव त्यांना बाजारानं दिलं होतं. ते प्रेमानं दिलेलं नव्हतं, पण निवृत्तीला सात वर्षं झाली तरी चिकटून राहिलं होतं. बायको म्हणायची, "यांच्यासमोर चहात साखर घालायलाही हात थरथरतो."

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. चार दिवसांचं आजारपण, नीट निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. मुलगी तीन आठवडे राहून तिच्या गावी परत गेली आणि घर एकदम इतकं शांत झालं की साहेबांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. तो सहन होईना म्हणून त्यांनी झोपायच्या खोलीतला खिडकीतला जुना एसी दिवसभर चालू ठेवायला सुरुवात केली. थंडाव्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. घरात कोणीतरी घरघरत होतं, एवढंच पुरे होतं.

साहजिकच सहा महिन्यांत त्या एसीचा जीव मेटाकुटीला आला आणि एसीवाल्याला बोलवावं लागलं. बडबड्या, पण हाताचा चांगला माणूस. त्यानं समोरचं झाकण काढलं, आतली जाळी ओढून बाहेर काढली आणि शिंकला. जाळीवर राखाडी रंगाची गोधडी बसली होती.

"काका, ही शेवटची कधी धुतली होती?"

"ही काय आहे?" साहेबांनी विचारलं.

एसीवाल्यानं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "एसीची जाळी. पंधरा दिवसांतून एकदा धुवायची असते."

"छे! बारा वर्षं झाली या एसीला. कधी काही करावं लागलं नाही. उत्तम यंत्र आहे."

"कोणाला करावं लागलं नाही, काका?"

न्हाणीघरातल्या खिडकीत एक जुना ब्रश असायचा, तो कशाचा हे साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. गॅलरीतल्या दोरीच्या टोकाला दोन हिरवे चिमटे कायम रिकामे असायचे. एकदा त्यांनी टॉवेलासाठी ते घेतले, तेव्हा बायको त्यांच्याच आवाजात म्हणाली होती, "त्यांना हात लावायचा नाही!" दोघं हसले होते, आणि विषय तिथेच राहिला होता. बारा वर्षं आपल्या घरात पंधरा दिवसांनी काय घडतं याचा पत्ता एका निरीक्षकाला नव्हता.

एसीवाल्याची टकळी चालूच होती. "लोकांना वाटतं धूळ सगळी रस्त्यावरून येते. बरीचशी घरातलीच असते काका. केस, कातडीचा कोंडा, कपड्यांचे धागे. म्हणजे ही जाळी बघा, ही तुमची घरचीच माणसं आहेत म्हणा ना! चला, टाकतो धुवून."

"हात लावायचा नाही!"

एसीवाला जागच्या जागी थिजला. साहेबांनी जाळी त्याच्या हातातून अलगद काढून घेतली. डोक्यात हिशेब झाला होता. ती दर पंधरा दिवसांनी धुवायची. म्हणजे शेवटचं धुणं आणि तिचं जाणं यांच्यामध्ये काही दिवस होते. ते दिवस अजून या जाळीवर होते, अगदी तळाच्या थरात.

"मीच धुतो सावकाश," ते म्हणाले.

"धुवा. पण एक सांगतो, या मॉडेलची जाळी आता कुठे मिळत नाही. जपून वापरा. आणि जाळीशिवाय एसी चालवू नका, सगळा कचरा थेट छातीत जाईल."

साहेबांनी त्यातलं 'जपून' तेवढं घेतलं आणि 'वापरा' सोडून दिलं. जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी बायकोच्या कपाटात, तिच्या शालीखाली ठेवली. जाळीविना एसी भलताच जोमात चालू लागला. पंधरा दिवसांत साहेबांचा खोकलाही तितक्याच जोमात चालू झाला.

हा खोकला मुलीनं फोनवर ऐकला. ती दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या छात्या बघणारी मुलगी बापाच्या छातीवर विश्वास कसा ठेवणार? तिनं हवा मोजायचं यंत्र पाठवून दिलं. त्यावर मोठा आकडा उमटायचा. पन्नासच्या आत असला तर हवा चांगली.

"बाबा, रविवारपर्यंत आकडा पन्नासच्या आत आला नाही ना, तर मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार. घराला सरळ कुलूप लावायचं. रोज संध्याकाळी फोटो पाठवा."

मुलीच्या घरी काही कमी नव्हतं. जावई चांगला होता, सोफा उघडला की त्याचा पलंग व्हायचा. पण त्या घरात बायको कधी चार दिवसांवर राहिली नव्हती. तिथल्या एकाही भांड्याला तिच्या हाताची सवय नव्हती. आणि इथे कुलूप लागलं की ते पुन्हा उघडायचं ते घर विकायलाच, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

यंत्रानं पहिला आकडा दाखवला एकशे ब्याऐंशी. साहेबांनी खिडक्या लावल्या, एकशे नव्वद झाले. खिडक्या उघडल्या, एकशे पंच्याहत्तर. मग कंबर कसून त्यांनी सगळं घर झाडून काढलं, तेव्हा आकडा तीनशे चाळीसवर गेला आणि यंत्र चक्क ओरडायला लागलं. जाळी परत बसवली की सगळं सुरळीत होईल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण परत बसवायची म्हणजे आधी धुवायची. ते कपाटापर्यंत जायचे, शालीवरून हात फिरवायचे आणि परत यायचे.

शनिवारी संध्याकाळी नाइलाजानं फ्रिज उघडला गेला.

तासाभरानं दार उघडून पाहतात तो काय, आकडा अकरा! साहेबांनी यंत्र लगबगीनं टेबलावर आणलं, काचेवर साचलेलं दव सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, शोभेला शेजारी फुलदाणी ठेवली आणि आकडा वर चढायच्या आत फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, अकरा? इतका छान?"

"मी म्हणालो नव्हतो?"

"पण बाबा, खाली तापमान सात डिग्री दिसतंय."

साहेबांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. मोठ्या आकड्याखाली दोन बारीक आकडे होते खरे, पण एका यंत्रानं एकच माप सांगावं अशा शिस्तीत वाढलेल्या साहेबांनी ते नक्षी समजून सोडून दिले होते. त्यांनी पकडलेले दुकानदार अशाच चुका करायचे, आणि साहेब त्यांना हसायचे.

"एसी जरा बरा चाललाय," ते म्हणाले.

"सात डिग्री? आणि तुम्ही त्यात बसलाय? खोकला असताना?"

"स्वेटर घातलाय."

"ताबडतोब बंद करा तो! नक्की अडकलाय. मी एसीवाल्याला पाठवते."

खोटं सांभाळायला आणखी खोटं लागतं, हे साहेबांनी कितीतरी पंचनाम्यांत वाचलं होतं. अर्ध्या तासात एसीवाला हजर झाला. खोलीत घाम फुटत होता आणि साहेब खरोखरच स्वेटर घालून बसले होते.

"बर्फ पडतोय म्हणून फोन आला होता काका."

"पडत होता. थांबला."

एसीवाल्यानं झाकण काढलं. आत पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. "जाळी कुठाय?"

"आतच असेल."

"आत नाहीये. आतल्या पत्र्यांना बघा कसा लगदा बसलाय." तितक्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे मुलगी होती. "हां ताई. नाही, गरमच आहे. नाही हो, एसी ठीक आहे. जाळीच नाहीये आत. काका म्हणतात आत आहे. ताई, तुम्ही एकदा येऊन जा."

आतला लगदा जमेल तेवढा काढून तो निघून गेला. जाताना फ्रिजजवळ पडलेलं स्टूल आणि त्यावरचं घड्याळ त्यानं पाहिलं, पण तो काही बोलला नाही. साहेबांना त्या न बोलण्याची लाज वाटली.

रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं मुलगी आली. तिच्या हातात एक मोठी बॅग होती, रिकामी. ती दारात ठेवून तिनं आधी बापाच्या पाठीला कान लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "चार सदरे काढून ठेवा. आईची शाल मी घेते बरोबर."

साहेब उठेपर्यंत कपाट उघडलं होतं. शाल निघाली, शालीखालचं वर्तमानपत्र निघालं, वर्तमानपत्रातून जाळी निघाली. मुलीनं तीन शिंका दिल्या. "ही इथे? कपाटात? बाबा, कमाल करता तुम्ही!" म्हणत ती तडक न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला.

"हात लावायचा नाही!"

आवाज इतका मोठा होता की शेजारच्या गॅलरीतलं कबुतर उडालं. मुलीनं नळ बंद केला आणि ती जाळी धरून तशीच उभी राहिली. लहानपणी बरणीतली साखर खाताना पकडली गेली की अशीच उभी राहायची.

"त्यात तुझी आई आहे," साहेब म्हणाले.

मुलीनं जाळीकडे पाहिलं. मग बापाकडे.

"वरचा सगळा थर माझा आहे. सहा महिन्यांचा. पण अगदी खाली, जाळीला चिकटलेला, तो तिच्या शेवटच्या दिवसांचा. एसीवाल्यानं सांगितलं, धुळीत माणूसच असतो. मला धुववेना ग."

मुलगी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली.

"बाबा, आई गेल्यावर मी तीन आठवडे होते ना इथे. निघायच्या आदल्या दिवशी जाळी धुतली होती मी. म्हटलं, आता तुमचं कोण करणार."

"वरवर?"

"ब्रश घेऊन. साबण लावून."

साहेबांनी जाळी तिच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "म्हणजे यात..."

"तुम्हीच आहात."

"सगळा?"

"सगळे."

दीड महिना साहेबांनी शालीखाली स्वतःलाच जपून ठेवलं होतं. त्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि खोकल्यातून जे आलं ते त्यांनी बाहीनं पुसलं. पण मुलीचा चेहरा बघून ते थांबले. तिला आत्ता कळत होतं.

"मी नळाखाली धरलं तिला," ती म्हणाली. "बाबा, मला माहीतच नव्हतं. मी गाणं गुणगुणत होते."

"वेडी की काय!" साहेब तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. "अगं, ती स्वतःच दर पंधरा दिवसांनी स्वतःला धुवून टाकायची. तुला, मला, सगळ्यांना. बारा वर्षं. तिला घरात साठवलेलं काही खपायचं का? ती असती तर या पुडक्यासकट मला गॅलरीबाहेर काढलं असतं."

मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि जाळी स्वतः धुतली. पाणी आधी काळं गेलं, मग राखाडी, मग बराच वेळ गढूळ. ते उगाचच शेवटपर्यंत पाण्याकडे बघत राहिले. मुलीनं जाळी झटकली, गॅलरीत नेली आणि न बघता हात लांब करून दोरीच्या टोकाचे दोन हिरवे चिमटे काढून तिला लावले. आई कशी करते ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. साहेब दारात उभे राहून ते चिमटे बघत होते.

दुपारनंतर जाळी वाळली, जागेवर बसली, एसी सुरू झाला. पाच वाजता मुलीच्या बसची वेळ होत आली तेव्हा साहेबांनी चष्मा लावला आणि यंत्रावरचे तिन्ही आकडे मोठ्यानं वाचले.

"अडुसष्ट. तापमान सव्वीस. दमटपणा पंचावन्न."

"अडुसष्ट म्हणजे बरंच आलं की खाली," मुलगी म्हणाली.

"पन्नास ठरलं होतं. अठरानं जास्त आहे."

"बाबा, जवळजवळ..."

"जवळजवळ असं माप नसतं," साहेब म्हणाले आणि कपाटाकडे गेले. त्यांनी चार सदरे काढले, एकेक करून घडी तपासली आणि दारातल्या रिकाम्या बॅगेत ठेवले. वर दाढीचं सामान ठेवलं. मग एकदा एसीकडे बघून घेतलं. तो आपला घरघरत होता.

मुलगी उठली. तिनं टेबलावरचं यंत्र उचललं, स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं डावीकडे सरकवलं, भाजी उजवीकडे सरकवली आणि यंत्र मध्ये ठेवून दार लावलं.

"सात डिग्री घरात एकाच जागी असतं, बाबा. तासभर बसा आता," ती म्हणाली आणि बॅगेतले सदरे बाहेर काढू लागली. "मी पुढच्या बसनं जाईन."