एका ओळीची हमी

वाडीच्या भाड्याच्या खोलीत बसून संघपालने आठ वर्षं खपून एक डेटाबेस उभा केला होता. गोदामात माल कधी आला, कुठे ठेवला, कधी गेला, हे सगळं तो डेटाबेस सांभाळायचा. नाव 'कोठी', आणि तोही फुकट. डेटाबेस मोठा गुणाचा होता. तापट होता तो संघपाल. त्याला राग आला की तो भांडायचा नाही, कोठी वापरण्याचा परवाना बदलायचा.

पहिला परवाना दिलदार होता : कोणीही घ्या, काहीही करा. मग एका कंपनीने कोठी उचलली, वर स्वतःचं नाव चिकटवलं आणि विकायला काढली. संघपालने दुसरा परवाना लिहिला : घ्या, पण तुम्ही केलेले बदलही सगळ्यांना फुकट द्या. त्याबरोबर घेणारे पसार झाले. तिसरा त्याने फणफणत लिहिला : धंदा सोडून कशालाही वापरा. आता गोदामाचा डेटाबेस धंदा सोडून वापरणारे निघाले अवघे नऊ जण. एक जण त्यात कबुतरं ठेवायचा. पण नऊच्या नऊ हौशी, प्रत्येकाने कोठीच्या प्रोग्राममध्ये आपापल्या ओळींची भर घातली.

आणि आता चौदा गोदामांचा मॅनेजर अंकुश दारात उभा होता.

"पर्मनंट नोकरी देतो भाऊ. चौदाही गोदामं कोठीवर टाकू. पण परवाना पहिलावाला पाहिजे. अन् ज्यानं ज्यानं त्यात हात घातला, त्या सगळ्याइच्या सह्या सोमवारपर्यंत. आमचा वकील लय खडूस आहे."

दोन वर्षं घर त्याच्या बायकोच्या, एकट्या दीक्षाच्या, नर्सच्या नोकरीवर चाललं होतं. तिने कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि तेच संघपालला जास्त लागत होतं. ही नोकरी त्याला हवी म्हणजे हवीच होती.

शनिवारपर्यंत आठ जणांच्या सह्या आल्या. नववं नाव रामटेकच्या यमुताईंचं. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. कोठीत त्या आपल्या उपासांच्या तारखा ठेवत. अधिक महिन्यात कोठी गांगरायची, म्हणून पुढच्या शंभर वर्षांचे अधिक महिने त्यांनीच एका ओळीत बसवून दिले होते.

"बाई फोनवर नाही म्हणते," संघपाल म्हणाला.

"मग काढून टाका ना तिची ओळ!" दीक्षा म्हणाली.

संघपालने ओळ काढून अंकुशच्या गोदामांच्या नोंदींवर कोठी चालवून पाहिली. अंकुशचा सेठ माल घ्यायचा तो तिथी पाहून. अधिक महिना गायब होताच तीन हजार पोती येण्याच्या आधीच विकली गेली, असं कोठी ठामपणे सांगू लागली. ओळ मुकाट्याने परत आली, आणि रविवारी संघपाल रामटेकला गेला.

यमुताईंनी परवान्याचा कागद चष्म्याजवळ धरला. "हे काय लिहून ठेवलं गा? 'कसलीही हमी नाही'?"

"बाई, सगळ्या दुनियेत असंच लिहितात."

"काहून? उत्तर चुकलं तं मी जबाबदार नाही, असं मी फळ्यावर लिहून शिकवलं काय छत्तीस वर्षं? माझ्या ओळीची हमी मी देते म्हणते, तं तू कोण नाही म्हणणारा?"

संघपालने हात जोडले. दीक्षाची नोकरी सांगितली, बिनामोलाची आठ वर्षं सांगितली. बाईंनी त्याला पोहे दिले, सही दिली नाही. शेवटी त्याने कागदाच्या तळाशी लिहिलं : 'यमुताईंच्या ओळीची हमी यमुताई देतात. बाकीच्या चाळीस हजार ओळींची कोणीच देत नाही.' बाईंनी लगेच लफ्फेदार सही ठोकली.

सोमवारी वकिलाने तो कागद तीनदा वाचला.

"एका ओळीची हमी आहे, मग बाकीच्याइची काहून नाही?" अंकुशने वकिलाची शंका बाहेर आणली. "वकीलसाहेब म्हणते, त्यात काहीतरी घोळ असन."

"घोळ नाही गा!" संघपाल ओरडला. "हमी कोणीच देत नसते!"

"ते बाई तं देऊन राहिली ना!"

अंकुशने तिथूनच रामटेकला फोन लावला. बाकीच्या ओळीही तपासून द्याल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, तपासते, पण लिहिणारा मुलगा समोर बसला पाहिजे.

आठवड्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. संघपालने ते वाचलं आणि तसाच खाटेवर बसला.

"नोकरी नाही भेटली काय?" दीक्षाने घाबरून विचारलं.

"भेटली."

"पर्मनंट?"

"हो वं. पर्मनंट."

"मग तोंड काहून असं झालं?"

त्याने पत्र पुढे केलं. मुख्य तपासनीस यमुताई, त्यांच्या हाताखाली संघपाल. खाली बाईंनी स्वतः घालायला लावलेली अट होती : एका पानात पाचापेक्षा जास्त चुका निघाल्यास पालकांना घेऊन येणे.

अडतीस वर्षांच्या संघपालने मान खाली घातली. "पहिलं पान पाहून झालं तिचं. अकरा निघाल्या."

"आईबाबा तं गावाले गेले आहेत," दीक्षा म्हणाली. मग तिने मोबाइल उचलला आणि हॉस्पिटलला कळवलं की उद्याची सुट्टी पाहिजे, शाळेत बोलावलं आहे.