वळणाला वंगण

कोंडिबा चावीवाला मालगाडीला शिव्या द्यायचा आणि मेलला अहो-जाहो करायचा. "आली का भवाने, गाव गोळा करत?" ही मालगाडी. "या आत्याबाई, सावकाश," ही मेल.

मी तेव्हा लोणावळा स्टेशनात तारमास्तर होतो. कोंडिबा मूळचा जवळच्या भाजे गावचा. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकत तो दिवसभर घाटात चालायचा आणि एका अवघड वळणाशी रेल्वेच्या खोलीत एकटा राहायचा. त्या वळणावर प्रत्येक गाडी अशी किंचाळायची की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवत.

"कोंडिबा, असं का होतं?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, मळनीचं बैल बगितल्यात न्हवं? भाइरच्याला लांबचा फेरा, आतल्याला जवळचा. ती पाय उचलून जमवून घेत्यात. हितं दोनी चाकं एकाच आसाला घट्ट. वळनावर एकाला फरपटतच जावं लागतंय. त्यात गाडी सरळ जाया बगती आन् रूळ तिला वळवतो. चाक आडवं घासतंय, म्हनून बोंबलतंय. पावसात रूळ वला झाला की गप."

"रूळ झिजतोय माजा," म्हणत तो दर महिन्याला यायचा. वळणाला वंगण द्यावं, असे तीन अर्ज मी त्याला लिहून दिले. शेवटी रेल्वेचा साहेब रुळावरच्या ट्रॉलीवरून आला, कानांत बोटं घालून परत गेला, आणि वंगण सुरू झालं. किंचाळणं थांबलं.

आठ दिवसांत कोंडिबा पुन्हा हजर. "मास्तर, वंगन बंद करा म्हनून लिवा. चढाला इंजिनाचं चाक घसरतंय."

"खरंच घसरतं?"

"घसरंल की कदी तरी."

मी टाक खाली ठेवला. तो बराच वेळ मुंडासं नीट करत राहिला.

"बायकू जाऊन सा वरसं झाली, मास्तर. घरात बोलाया कोन न्हाई. गाडी वरडायची, मी वरडायचो. आता ती गुमान जाती. मी तोंड उगडलं तर माजं मलाच येड्यावानी वाटतंय."

तो अर्ज मी लिहिला नाही. साहेबाला कारण काय देणार? म्हटलं, "सुटीच्या दिवशी इकडे येत जा. बोलत बसू."

रविवारी तो आला, धुतलेला सदरा घालून. माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर तासभर बसला. मी दोनदा काहीबाही विचारलं, त्याने दोनदा मान हलवली. तेवढंच. मग उठला, दारात थांबला आणि ओशाळून म्हणाला,

"लय बोललो आज, मास्तर. राग मानू नका."