जावईबापूंची पोथीबांधणी

दामोदरपंतांच्या आईने, म्हणजे जिजाबाईंनी, रागाच्या भरात झोपाळ्याला असा काही रेटा दिला की त्या वाऱ्याने त्यांच्या विहिणीची पोथी घरभर उडाली.

बडोद्याच्या घरात झोपाळा असतोच आणि रागावलेल्या माणसाने त्यावरच बसायचे असते. जिजाबाईंच्या रागाला कारण होते. सून उषा हिची आई, गंगाबाई, श्रावणात साताऱ्याहून लेकीकडे आली होती आणि सोबत आपली पोथी घेऊन आली होती. सप्ताह सोमवारी बसायचा होता. त्याआधी उजळणी म्हणून गंगाबाईंनी बैठकीत चौरंग मांडला. जिजाबाईंचे म्हणणे एवढेच, की घर आमचे, चौरंग आमचा, तेव्हा वाचायचा मानही आमचा. गंगाबाईंचे म्हणणे त्याहून थोडके होते. पोथी आमची. शेवटी जिजाबाई झोपाळ्यावर बसल्या आणि तिथून विहिणीचे उच्चार सुधारू लागल्या.

"विहीणबाई, शीव नव्हे, शिव. ऱ्हस्व आहे ते."

"आमच्या साताऱ्याला देव तेवढं चालवून घेतो हो."

यावर तो रेटा बसला. पोथीची पाने सुटी. काही देवघरात गेली, काही ओट्यावर गेली आणि एक शेजारच्या रेवाबेनच्या ताकाच्या डेऱ्यात जाऊन पडले. दामोदरपंत कचेरीतून आले तेव्हा उषा पाने वेचत होती आणि दोघी विहिणी दोन भिंतींकडे तोंडे करून बसल्या होत्या.

दामोदरपंत एका सरकारी खात्यात कारकून होते. घर तीन खोल्यांचे. आई आणि सासू मिळून तीन खोल्यांत मावत नाहीत, हे त्या गरीब माणसाला पहिल्याच दिवशी कळले होते. त्यांचे देवाकडे एकच मागणे होते. सप्ताह तंट्याशिवाय पार पडावा आणि सासूबाईंनी पोथी काखोटीला मारून हसतमुखाने साताऱ्याची वाट धरावी.

"पानं मी नीट लावून आणतो," ते म्हणाले आणि पोथी रुमालात गुंडाळून वर्गाला निघाले. जाता जाता त्यांना ती कल्पना सुचली. पाने बांधलीच, तर उडतील कशी?

वर्ग पुस्तकबांधणीचा होता. त्या काळी संस्थानात गावोगाव वाचनालये निघत होती, आणि पुस्तके वाचली जाऊ लागल्यामुळे फाटूही लागली होती. म्हणून काही हौशी मंडळींनी संध्याकाळचा हा वर्ग काढला होता. शिकवायला छबीलदास मास्तर. त्यांचा व्याख्यानांवर विश्वास नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात दाभण दिले आणि म्हणाले, "हाथे वागशे तो ज शीखशो." हाताला लागेल तरच शिकाल, असा त्याचा अर्थ. त्या मानाने दामोदरपंत फारच लवकर शिकत होते. आजवर त्यांनी एक कोरी वही आणि एक भूगोल बांधला होता. भूगोलात युरोप दोनदा आला होता, पण मास्तरांनी त्यालाही शाबासकी दिली. मास्तर पुस्तक पाठीवरून पारखत. आत काय आहे ते बघणे हे वाचणाऱ्याचे काम.

पोथी बांधताना दामोदरपंतांनी किती काळजी घेतली म्हणून सांगावे! देवाचे काम, तेव्हा कातडे नको. उषाकडून खणाचा तुकडा आणला. वर्गात चिकटवायला सरस असे, पण तो जनावरांची हाडे-कातडी उकळून करतात, तेव्हा तोही नको. घरची कणीक नेऊन त्यांनी खळ शिजवली. अस्तराच्या कागदावर लाकडी ठशाने स्वतःच्या हातांनी कमळे छापली. दाभणसुद्धा गंगाजळाने धुतले. मग पाने क्रमाने रचली, डाव्या कडेला भोके पाडून शिवली आणि शिकंज्यात दाबून ठेवली. मास्तरांनी पाठीवरून बोट फिरवले आणि खूश होऊन मान डोलावली.

रविवारी दुपारी पोथी घरी आली. दोघी विहिणी आपापल्या भिंतीला वामकुक्षी घेत होत्या. उषाने हौसेने पहिले पान उलटले.

"अहो, हे उलटं लागलंय."

"एखादं लागतं."

तिने पुढचे उलटले. समोरची बाजू सुलटी. मागची पुन्हा उलटी. त्याच्या पुढचेही तसेच.

"अहो, एकाआड एक सगळीच बाजू उलटी आहे!"

दामोदरपंतांनी कपाळावर हात मारला. पोथीचे पान पुस्तकासारखे बाजूला उलटत नाहीत. वाचून झाले की खालची कड धरून वर पालथे घालतात. छापणारा त्याच हिशेबाने मागची बाजू डोके खाली, पाय वर अशी छापतो. देवाधर्माचा सगळा विचार त्यांनी केला होता, एवढाच राहून गेला होता.

"शिवण उसवतो," ते म्हणाले आणि सुरी घेऊन पोथीपाशी आले. तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. छबीलदास मास्तर बाजारात निघाले होते आणि हाकेने जाग्या झालेल्या गंगाबाई त्यांना दारात दिसल्या.

"माजी, तमारा जमाईए पोथी बांधी छे ने! सरस! बहु सरस!"

मास्तर हात जोडून पुढे गेले. गंगाबाईंना गुजराती येत नव्हते, पण 'बांधी' कळले आणि 'सरस' तर चांगलेच कळले.

"सरस? माझ्या पोथीला सरस लावलात, जावईबापू?"

"नाही हो, आईसाहेब! गुजरातीत सरस म्हणजे छान."

"हाडं उकळलेली छान?"

"इथं सगळंच सरस असतं, विहीणबाई," जिजाबाईंनी आतून मौन सोडले. "माझ्या सुनेचा स्वयंपाकसुद्धा."

दामोदरपंतांनी सुरी पाठीमागे लपवली आणि घरच्या कणकेची शपथ घेतली. गंगाबाईंनी पोथीचा वास घेतला. कणकेचाच होता. खणावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा जरा निवळला.

"बरी दिसते. आता कुणी हात लावू नका. उद्या सोवळ्यात मीच उघडणार."

पोथी देवघरात गेली आणि दामोदरपंतांचा जीव टांगणीला लागला.

सोमवारी सकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. आज जिजाबाई झोपाळ्यावर नव्हत्या. चुका जवळून पकडता याव्यात म्हणून त्या चौरंगाच्या पलीकडे, विहिणीच्या अगदी समोर बसल्या होत्या. दामोदरपंत कचेरीला जायचे सोडून दाराआड उभे राहिले.

गंगाबाईंनी पहिली बाजू खणखणीत वाचली. पान उलटले आणि त्या अडल्या. समोर अक्षरे डोक्यावर उभी होती. वाचन सुरू असताना दुसरा शब्द काढला तर खंड पडतो, त्यामुळे त्यांना ओरडताही येईना. त्यांनी मान वाकडी केली. आणखी वाकडी केली.

पलीकडे बसलेल्या जिजाबाईंपुढे मात्र तीच ओळ सरळ होती. सप्ताहात खंड पडू नये म्हणून असो की संधी साधावी म्हणून असो, त्यांनी वाचायला सुरुवात केली. गंगाबाईंनी डोळे वटारले, पण करतात काय? ती बाजू संपताच शेजारची सुलटी त्यांनी झडप घालून घेतली. ती संपली, पान उलटले, पुन्हा जिजाबाई. बायका आधी चकित झाल्या, मग रंगून गेल्या. अध्याय संपेपर्यंत दोघींचे सूर इतके जुळले की कोणती बाजू कुणी वाचली ते कळेना.

"जावईबापू!" आरती होताच गंगाबाईंनी हाक मारली. दामोदरपंत बाहेर आले. "ही पोथी तुम्ही अशी मुद्दाम बांधलीत?"

उत्तर उषाने दिले.

"मुद्दाम नाही तर काय, आई! दोघींनाही मान मिळावा म्हणून. किती विचार केला त्यांनी."

जिजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गंगाबाईंनी जावयाच्या हातावर पहिल्यांदा प्रेमाने साखर ठेवली. दामोदरपंतांना भरून आले, अगदी खरोखर भरून आले.

सप्ताह दृष्ट लागण्यासारखा झाला. दोघी एकत्र जेवल्या, एकत्र झोपाळ्यावर बसल्या, आणि शीव की शिव हा प्रश्नच कुणी काढला नाही. समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी दामोदरपंत आनंदाने स्टेशनसाठी टांगा घेऊन आले.

"टांगा कशाला?" गंगाबाईंनी विचारले.

"साताऱ्याला जायचं ना, आईसाहेब?"

"आणि तिथं माझ्यासमोर कोण बसेल? अर्धी पोथी वाचायची राहील."

"आणि पोथी इथं ठेवून गेल्या तर माझ्यासमोर कोण?" जिजाबाई म्हणाल्या. "चातुर्मासभर विहीणबाई हलायच्या नाहीत. मी सांगून ठेवलंय त्यांना."

दामोदरपंत टांगेवाल्याला परत पाठवायला वळले, तेवढ्यात गंगाबाईंनी मागून विचारले,

"जावईबापू, माझी धाकटी बहीण पण यायचं म्हणतेय. तिघींना बसून वाचता येईल अशी बांधणी शिकवतात का हो तुमच्या वर्गात?"