अपेक्षित उत्तर

वर्गातलं एखादं लेकरू उत्तर देईना झालं, की शेषामावशी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवत. "आपण घड्याळाकडं बघितलं की लेकराचं उत्तर परत पोटात जातंय," असं त्यांचं म्हणणं.

प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या चार वर्षांच्या पदवीला आम्ही लातूरला एका वर्गात होतो आणि एकाच भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी एकोणीस वर्षांची, मावशी त्रेचाळीसच्या. त्याआधी चौदा वर्षं त्या जळकोटकडच्या एका शाळेत खिचडी शिजवत. ढवळता ढवळता खिडकीतून ऐकून त्या अर्धं गणित शिकल्या, मग बाहेरून बारावी झाल्या. कॉलेजच्या पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना पालक समजून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. "बसले की तासभर," त्या सांगत. "पंखा लई चांगला होता."

सराव पाठाला जाण्याआधी पाठाचं टाचण काढावं लागतं. एका रकान्यात शिक्षकाचा प्रश्न, शेजारच्या रकान्यात मुलांचं अपेक्षित उत्तर आणि त्यापुढे शिक्षकाने करायची कृती. आम्ही सगळे उत्तरं पुस्तकातून उतरवत असू. मावशी मात्र मुलं खरोखर जे म्हणतील ते लिहीत. 'पाण्याचे उपयोग सांगा.' अपेक्षित उत्तर: 'बाई, पाणी पिऊन येऊ?' 'चौकोनाला बाजू किती?' अपेक्षित उत्तर: 'ह्यानं मला चिमटा काढला.'

टाचणं तपासणाऱ्या सरांनी एकदा ती वही वर्गासमोर धरली. "शेषाबाई, हे काय आहे?"

"लेकरं असंच म्हणतेत, सर."

"अहो, अपेक्षित म्हणजे आपल्याला हवं असलेलं उत्तर!"

"ते येईल की मागून. चौकोन कुठं पळून चाललाय?"

काही ठिकाणी उत्तराच्या रकान्यात नुसतं 'गप्प बसेल' असं असे आणि कृती: 'थांबणे.' सरांनी त्याखाली लाल शाईने विचारलं होतं, 'किती वेळ?' मावशींनी निळ्या शाईने खाली लिहिलं, 'बोलेपर्यंत.'

या थांबण्याचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं. "चौथीत गुरुजींनी मला इचारलं होतं, माय. उत्तर येत होतं, अगदी ओठावर होतं. तेवढ्यात गुरुजी पुढच्या पोरीकडं गेले." आणि वर म्हणाल्या, "ती पोरगी आता तलाठी हाय."

शेवटच्या वर्षी माझे वडील, अण्णा, गेले. नांदेडला दिवसकार्य उरकून मी खोलीवर परतले. मला बोलणं नकोसं झालं होतं. मावशी रोज माझं ताट वाढून झाकून ठेवत आणि पाठमोऱ्या बसून आपले तक्ते रंगवत. समजुतीचा एक शब्द त्यांनी काढला नाही. एवढी बोलकी बाई, आणि माझ्याच वेळी गप्प! मला थोडा रागच आला होता.

महिन्याभराने अंतिम पाठ होता. तो गेला की पदवी गेली. सरांनी बजावलं होतं की पस्तीस मिनिटं संपायच्या आत सगळं झालं पाहिजे आणि टाचण सोडायचं नाही. मावशींनी या खेपेला शहाण्यासारखी पुस्तकी उत्तरं लिहिली, मीच तपासली. वर्ग दुसरीचा, पाठ 'आपलं घर'. बाहेरून आलेले परीक्षक मागच्या बाकावर, त्यांच्या शेजारी निरीक्षणाला मी.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मावशींनी दाराजवळच्या मुलीला विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण हाय?"

मुलगी खाली बघत राहिली. मी मागून 'पुढे चला, पुढे चला' अशा खुणा करत होते. परीक्षकांनी घसा साफ केला. मावशींनी घड्याळ काढलं, खणात ठेवलं आणि त्या मुलीसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या.

किती वेळ गेला कोण जाणे.

"आजी," मुलगी म्हणाली. "अन् शेळी."

"शेळीचं नाव काय?"

"मॅडम."

वर्ग हसून लोळला. मावशींनी गंभीरपणे फळ्यावर लिहिलं: आजी, मॅडम. तेवढ्यात घंटा झाली. उजळणी, स्वाध्याय, सगळं राहिलं. गुण अगदी काठावरचे मिळाले, पण मिळाले. मावशी आज देवणीकडे एका शाळेत शिकवतात. त्या दिवशी मात्र हे काहीच ठाऊक नव्हतं. परत येताना मी त्यांच्यावर चिडले होते, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "बोलली ना पण ती."

संध्याकाळी टाचणवह्या जमा करायच्या होत्या. मावशी चहा ठेवत होत्या, मी त्यांच्या वहीला पानांचे आकडे घालत होते. मध्येच एक टाचण निघालं, त्याला पाठ क्रमांक नव्हता. विद्यार्थीसंख्या: एक. विषयाच्या जागी माझं नाव.

प्रश्न: जेवतीस का? अपेक्षित उत्तर: भूक नाही. कृती: ताट वाढून ठेवणे.

प्रश्न: आईला फोन केलास का? अपेक्षित उत्तर: करते. (करणार नाही.) कृती: आपण करणे.

प्रश्न: अण्णा कसे होते? अपेक्षित उत्तर: गप्प बसेल. कृती: थांबणे.

हा शेवटचा प्रश्न त्यांनी मला अजून विचारलेला नव्हता.

मी वही मिटली. "मावशी," मी म्हणाले, "अण्णा चहा बशीत ओतून प्यायचे. आणि शेवटचा घोट..."

पुढे मला काही बोलता येईना.

मावशींनी गॅस बंद केला. घड्याळ काढून पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या.