सातव्या प्रवाशाचा सत्कार

साठ तिकिटं खपली तरच खेळ लावीन, नाहीतर चालू आहे तो मारामारीचा सिनेमाच चालू ठेवीन, असं पोपटशेठनी सांगितलं आणि संघर्षचं घोडं तिथंच अडलं. पोपटशेठ शिरूरमधल्या एका पडद्याच्या जुन्या टॉकीजचे मालक. त्यांना सिनेमाशी देणंघेणं नव्हतं, भरलेल्या खुर्च्यांशी होतं.

खेळ होता 'नक्षत्रनौका'च्या खास भागाचा. ही मालिका टीव्हीवर पंचवीस वर्षं चालू होती. नौकेवर सात प्रवासी. त्यांतल्या सहा जणांची लग्नं झाली, भांडणं झाली, दोघं तर मरून परत आले. सातव्यानं मात्र इतक्या वर्षांत डोक्यावरचं हेल्मेट एकदाही काढलं नव्हतं. तो जेवायचा कसा, हासुद्धा प्रश्न कुणी विचारत नसे. आता रौप्यमहोत्सवी भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत ते हेल्मेट निघणार होतं, आणि तो भाग रविवारी दुपारी चार वाजता देशभरातल्या टॉकिजांत एकदम दिसणार होता. वरून उपग्रहावरून येणार, त्यामुळे थांबवायची सोय नाही, आणि टीव्हीवर तर तो दाखवणारच नव्हते.

संघर्ष तिसरीत असल्यापासून त्या हेल्मेटापायी झुरत होता. आता तो रांजणगावच्या कारखान्यात माल तपासायचा, दोन मुलांचा बाप झाला होता, पण झुरणं काही कमी झालं नव्हतं. पुण्यातली तिकिटं दहा मिनिटांत संपली. शिरूरमध्ये मालिकेची वेडी माणसं मोजून पाच, आणि दौंडहून त्याची मैत्रीण अक्षदा आणणार होती ती सहा. बाकीची एकोणपन्नास डोकी आणायची कुठून?

इथं त्याच्या हातून चूक झाली. तो बबनरावमामांकडे गेला.

बबनराव पतसंस्थेचे माजी संचालक. माणसं जमवणं हा त्यांचा हातखंडा. कशासाठी जमवायची, हा प्रश्न ते नंतर विचारत. संघर्षनं सगळं समजावून सांगितलं. मामांनी त्यातलं एवढंच धरलं की, कशाला तरी पंचवीस वर्षं झाली आहेत.

"म्हंजी रौप्यमहोत्सव हाय व्हय," मामा म्हणाले. "मग आदी न्हाई का सांगायचं. माणसं माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत साठ तिकिटं संपली. संघर्षचा ऊर भरून आला. आपलं माणूस ते आपलं माणूस, असं त्यानं बायकोला दोनदा ऐकवलं.

रविवारी साडेतीनला तो टॉकीजवर पोचला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दारावर वीस फुटांचा फ्लेक्स. मधोमध हेल्मेट घातलेला सातवा प्रवासी, आणि त्याच्या भोवती गोल चौकटींत पतसंस्थेचे आजी-माजी संचालक हात जोडून. आत पडद्यासमोरच्या कट्ट्यावर टेबल, टेबलावर चादर, मागं पाच खुर्च्या, माइक. एका ताटात शाली आणि दोन तयार फेटे.

"मामा, हे काय?"

"रौप्यमहोत्सव हाय ना? मग सत्कार नको? लोक काय म्हंतील?"

ही मालिका आहे, मालिकेचा सत्कार करत नाहीत, असं संघर्ष कळवळून सांगत होता. मामांना ते पटलं नाही. पंचवीस वर्षं झालेल्या पाण्याच्या टाकीचासुद्धा त्यांनी सत्कार केला होता. प्रमुख पाहुणे म्हणून भांडगावचे हौसराव येणार होते. मोठे बागाईतदार, बाजार समितीत वजन असलेला माणूस. ते आल्याशिवाय कार्यक्रम सुरू करायचा नाही, हा नियम.

चार वाजले आणि नियमाप्रमाणे हौसराव आलेले नव्हते. उपग्रहाला काही हा नियम माहीत नव्हता. खेळ सुरू झाला. मामांनी फोन लावला. हौसराव म्हणाले, वाटेत चौफुल्याला आलोय. साडेचारला लावला, चौफुल्यालाच होते. संघर्ष मनातल्या मनात त्या चौफुल्याला दुवा देत होता. पडद्यावर नौका पेटली होती, कट्ट्यावरच्या खुर्च्यांच्या पाठी मधे मधे येत होत्या, पण दिसत होतं. अक्षदानं त्याचा हात घट्ट धरला होता. समोर दगडाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई, मामांनी आणलेल्या, पदर तोंडाशी धरून अगदी गुंगून गेल्या होत्या.

शेवटची पंधरा मिनिटं राहिली आणि हौसराव पोचले.

मामांनी मशीनवरच्या मल्हारीला खूण केली. आवाज बंद झाला, कट्ट्यावरचे दिवे लागले. नमनालाच घडाभर तेल गेलं. प्रास्ताविक, परिचय, मग स्वागत. हौसराव खुर्चीत बसून सारखे मान वळवून मागं पडद्याकडं बघत होते, आणि दर वेळी मामा त्यांचा दंड धरून त्यांना लोकांकडं वळवत होते. हौसरावांनी भाषण दोन वाक्यांत उरकलं. असं तालुक्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण उरलेला वेळ मामांनी भरून काढला.

मग पडद्यावर सातव्या प्रवाशानं दोन्ही हात हेल्मेटाला लावले. संघर्ष खुर्चीच्या टोकावर आला.

"आन् आता," मामा माइकमध्ये म्हणाले, "ज्याच्या धडपडीनं हा योग आला, त्यो माझा भाचा, संघर्ष. ये बाळा, वर ये."

तो नाही म्हणाला. हात जोडून नाही म्हणाला. पण साठ माणसं मागं वळून टाळ्या वाजवायला लागली, दोघांनी काखेत हात घालून त्याला उठवलं आणि कट्ट्यावर नेऊन उभं केलं. पडद्याकडं पाठ, लोकांकडं तोंड. हौसरावांनी शाल घातली, मामांनी फेटा चढवला. त्यानं वळायचा प्रयत्न केला, तर मामांनी खांदे दाबले.

"हलू नको. फोटो बिघडंल."

समोरच्या साठ चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला. दगडाबाईंनी "आगं बया" म्हणून तोंडावर हात नेला. अक्षदा उभी राहून ढसाढसा रडायला लागली. फोटोवाल्यानं फोटो काढला. संघर्ष वळला तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. पंचवीस वर्षं वाट पाहिली आणि हाती काय आलं, तर फेटा. त्याला इतकं वाईट वाटलं, की रागावायचंसुद्धा सुचलं नाही.

अक्षदाला विचारण्यात अर्थ नव्हता. शेवट फोडणं हे या लोकांत पाप. शिवाय ऐकून काय करायचं? त्याला बघायचं होतं. पण टॉकीजमधून बाहेर पडलेल्या त्या साठ माणसांना पापाची भीती नव्हती. पुढचे पंधरा दिवस संघर्ष कानात बोळे घालून शिरूरमध्ये फिरला. दगडाबाई बसस्टँडवर दिसल्या की तो एसटीच्या मागं लपायचा. मामांनी फोटो मोठा करून, चौकट लावून घरी पाठवला. त्यात सातव्या प्रवाशाच्या हातातलं हेल्मेट स्वच्छ दिसत होतं. तोंड मात्र संघर्षच्या फेट्याच्या तुऱ्यानं बरोबर झाकलं होतं.

मग अक्षदाचा फोन आला. शिरूरला टॉकीज भरलं म्हणून मालिकेच्या कंपनीनं दौंडलाही एक खेळ दिला होता, येत्या रविवारी दुपारी. संघर्षनं तिथल्या तिथं तिकीट काढलं. तासाभरात मामांचा फोन.

"दौंडची तिकिटं बी मीच खपवली," मामा म्हणाले. "तिथं प्रमुख पाहुणा तूच. हौसराव अध्यक्ष. तुमी दोघं आल्याबिगर सुरुवात करायची न्हाई."

संघर्ष तोंड उघडून नाही म्हणणार होता. मग त्याला चौफुला आठवला आणि तो म्हणाला, "येतो मामा. नक्की येतो."

रविवारी तो पावणेचारलाच दौंडच्या टॉकीजमध्ये शिरला, तोंडाला मफलर गुंडाळून, अगदी शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात. खेळ सुरू झाला. कट्ट्यावर मामा माइकशी एकटे उभे, दाराकडं डोळे लावून. त्यांच्या मागं पाहुण्यांच्या खुर्च्या रिकाम्या. अर्ध्या-अर्ध्या तासानं संघर्षचा फोन थरथरायचा आणि तो मफलरात तोंड खुपसून सांगायचा, चौफुल्याला आलोय मामा, पुढं लई ट्रॅफिक हाय.

पडद्यावर सातव्या प्रवाशानं दोन्ही हात हेल्मेटाला लावले. फोन पुन्हा थरथरला, पण या वेळी संघर्षचा नव्हता. शेजारच्या खुर्चीत माकडटोपी घालून बसलेल्या माणसानं तो कानाला लावला.

"व्हय बबनराव, आलोच," तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला. "चौफुल्याला हाय."

संघर्षनं मान वळवली. माकडटोपीतून हौसरावांनी त्याच्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हिकडं काय बघतोस?" हौसराव म्हणाले. "समोर बघ. काढतोय त्यो."